पोळी, भात आणि साखरेचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त आपल्या सोसायटीच्या सभागृहात ज्येष्ठ नागरिक कट्टा आणि महिला मंडळ यांनी मिळून व्याख्यान ठेवले होते. वक्त्या आपल्याच सोसायटीच्या सभासद असून गेली अनेक वर्षे फॅमिली डॉक्टर म्हणून व्यवसाय करतात. अनेकांच्या आग्रहावरून त्या भाषणाचे शब्दांकन येथे देत आहोत. – संपादक मंडळ)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो, तेव्हा जिन्यात भेटलो की एकच प्रश्न असायचा, "पाणी आलं का?" हल्ली लिफ्टमध्ये भेटलो की प्रश्न असतो, "डॉक्टर, फास्टिंग १३८ आलीय, चालेल का?" म्हणजे पंचवीस वर्षांत पाण्याचा प्रश्न सुटला आणि साखरेचा सुरू झाला! म्हणून मंडळानं विषय विचारला तेव्हा मी म्हटलं, बोलू या याच विषयावर. पोळी-भात कमी केल्यानं साखर उतरते का, किती उतरते, आणि त्यात सांभाळायचं काय.

आधीच सांगते, हे भाषण मी फक्त डॉक्टर म्हणून करत नाहीये. आमच्या ह्यांना मधुमेह होऊन तेरा वर्षं झाली. ते दुसऱ्या रांगेत बसलेत. त्यांची परवानगी घेऊनच त्यांची गोष्ट सांगणार आहे, कारण त्या गोष्टीत चूक त्यांची कमी आणि माझी जास्त आहे.

पण अगोदर थोडं शास्त्र. घाबरू नका, शाळेत शिकलेलंच आहे. आपण जे खातो त्यात मुख्य तीन गोष्टी असतात: पिष्टमय पदार्थ म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ. यांतली कर्बोदकं पोटात गेली की त्यांची बहुतेक साखरच होते, म्हणजे ग्लुकोज. पोळी असो, भात असो, पोहे असोत की साबुदाणा, जिभेला गोड लागो न लागो, आतड्यातून रक्तात जाताना ते ग्लुकोज म्हणूनच जातं. आता गंमत बघा. निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी किती ग्लुकोज असतं? साधारण चार-पाच ग्रॅम. म्हणजे एक चमचा साखर! आणि आपण एका जेवणात शंभर-सव्वाशे ग्रॅम कर्बोदकं पोटात घालतो. हे सगळं ग्लुकोज रक्तात साठू न देता स्नायूंत आणि यकृतात नेऊन पोचवायचं काम इन्शुलिन करतं. मधुमेहात एक तर इन्शुलिन कमी पडतं, किंवा असूनही शरीर त्याला दाद देत नाही. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही.

"पण डॉक्टर, मी तर जाड नाही," असं अर्धी मंडळी म्हणतात. याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःच्याच शरीराची तुलना छापली होती. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा दोघांना एकच सांगतो आणि आतली परिस्थिती वेगळी. आपल्याकडच्या पुष्कळ माणसांचं असंच असतं. हातपाय काटकुळे, पोट मात्र पुढे. म्हणून वजनकाट्याबरोबर शिंप्याची टेपही घरात ठेवा. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, तर सावध व्हायचं.

आयसीएमआरच्या देशभरातल्या पाहणीचा अहवाल २०२३ साली आला. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटी उंबरठ्यावर आहेत, असं त्यात दिसलं. त्याच पाहणीतून २०२५ साली आपल्या खाण्याचा हिशेब आला. आपल्या एकूण कॅलरीतल्या सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येतात, प्रथिनं मात्र कमी पडतात. त्यातली एक गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या मनाविरुद्ध आहे. पांढरा तांदूळ, मैदा सोडून गहू किंवा ज्वारी-बाजरी-नाचणी घेतली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. त्यातला थोडा भाग डाळी-कडधान्यं, दूध-दही यांच्या प्रथिनांनी भरून काढला, तेव्हा धोका कमी दिसला. म्हणजे "मी पोळी सोडली, आता तीन भाकऱ्या खाते" असं म्हणून उपयोग नाही. भाकरीत तंतू जास्त, पोट लवकर भरतं, हे खरंच. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं सदुसष्ट-अडुसष्ट ग्रॅम, आणि कणकेत चौसष्टच्या आसपास. फरक आहे तो इतकाच!

आता आमच्या घरची गोष्ट.

चार वर्षांपूर्वी हे रिटायर झाले. सकाळची लोकल पकडायची धावपळ संपली आणि दिवसाचं चालणंही संपलं. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी तपासणी ८.४ आली. ती ५.७ च्या खाली असेल तर ठीक, ६.५ आणि वर म्हणजे मधुमेह, आणि मधुमेह असलेल्या बहुतेकांनी साधारण ७ च्या आसपास राहावं अशी अपेक्षा असते. हे दोन गोळ्या घेत होते, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. तेवढ्यात कोणीतरी ग्रुपवर व्हिडिओ पाठवला: पोळी-भात पूर्ण बंद, आठ दिवसांत साखर नॉर्मल. ह्यांनी सोमवारपासून पोळी, भात, पोहे, फळं, सगळं बंद केलं. अंडी, पनीर, भाजी आणि वाटीभर डाळ.

आणि साखर उतरली हो! फास्टिंग १८० ची चार दिवसांत १२० वर आली. हे खूश, मीही खूश. दवाखान्यात रोज पन्नास लोकांच्या गोळ्या तपासणारी मी, घरातल्या गोळ्यांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. सहाव्या दिवशी रात्री तीनला जाग आली. ह्यांचा सदरा घामानं चिंब. हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलायला लागले, "चर्चगेट आलं का?" असं विचारत होते. बोट टोचून बघितलं, साखर ४६.

७० च्या खाली म्हणजे धोक्याची पातळी असते. ४६ ला माणूस गोंधळतो, आणखी खाली गेली तर शुद्ध हरपते, झटके येऊ शकतात. तीन चमचे साखर पाण्यात घालून थोडी थोडी पाजली. पंधरा मिनिटांनी ५८. पुन्हा तेवढीच पाजली. मग ८४. मग दूध-पोळी खायला दिली. ही गोळी शरीरात बराच वेळ काम करत राहते, त्यामुळे साखर परत उतरू शकते. म्हणून सकाळपर्यंत दर तासाला तपासत बसले. समोरच्या वहिनी दार वाजताच उठून आल्या आणि उजाडेपर्यंत थांबल्या. रात्रपाळीच्या वॉचमननं लिफ्ट तळमजल्यावर धरून ठेवली, गाडी काढावी लागली तर म्हणून. त्या दोघांचे आभार मी आज सगळ्यांसमोर मानते. त्या रात्री ते राहूनच गेले होते.

काय झालं होतं? आहार चुकीचा होता का? नाही. आहारानं काम केलं, फार चांगलं केलं. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, समोर पोळी-भात असो वा नसो. जेवण साडेतीनशे ग्रॅम कर्बोदकांचं असताना ठरवलेला डोस चाळीस-पन्नास ग्रॅमच्या जेवणावर चालू राहिला. खर्च कमी केला आणि वसुली तशीच ठेवली, तर काय होणार? हा हिशेब ह्यांना माहीत असायचं कारण नव्हतं, मला होतं.

म्हणून आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: साखर कमी करणारी गोळी किंवा इन्शुलिन चालू असेल, तर पोळी-भात कमी करण्याच्या आधी डॉक्टरांना सांगा. नंतर नाही.

नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर एकदम खाली जाण्याची भीती फार कमी. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर डोस बदलावा लागतो. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही लघवीतून साखर बाहेर टाकणारी नवी औषधं घेणाऱ्यांनी तर कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा कीटो आहार आपल्या मनानं मुळीच करू नये. रक्तात आम्ल साठून जिवावर बेतू शकतं, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेलीही नसते, म्हणून लवकर लक्षात येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा. मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहानपणापासून इन्शुलिनवर असलेली मुलं, यांनी प्रयोग करायचे नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दाबही तपासत राहा. वजन उतरलं की तोही उतरतो, मग उभं राहताना चक्कर येते.

त्या रात्रीनंतर आम्ही मधुमेहतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ग्लिमेपिराइड आधी कमी केली, नंतर बंद केली. आणि म्हणाले, टोकाचं काही नको, वर्षानुवर्षं जमेल असं करा. मग मी वही घेतली आणि ह्यांच्या जुन्या दिवसाचा हिशेब मांडला. तुम्हीही मांडून बघा.

तीन कप चहातली साखर १५ ग्रॅम. चार बिस्किटं १८. पोह्यांची बशी ४५. दुपारी चार पोळ्या, एकीच्या २२ प्रमाणे ८८. वाटीभर भात २८. वरण आणि बटाट्याची भाजी मिळून ३०. संध्याकाळचा चिवडा २५. रात्री तीन पोळ्या ६६, भात २८, आमटी १५. झोपताना केळं २५. बेरीज ३८३ ग्रॅम! आणि या माणसाला वाटत होतं, "मी गोड खातच नाही."

आता ह्यांचा आजचा दिवस. बिनसाखरेचा दोनदा चहा, त्यातल्या दुधाचे १०. सकाळी मुगाच्या डाळीची दोन धिरडी २६, बरोबर एक अंडं, त्यात कर्बोदकं जवळजवळ नाहीतच. दुपारी एक लहान भाकरी ३०, वाटीभर मटकीची उसळ २०, पालेभाजी १०, ताक ५. संध्याकाळी मूठभर फुटाणे १५. रात्री एक पोळी २२, घट्ट डाळ १५, भाजी-कोशिंबीर १०. एक पेरू १२. बेरीज १७५. जुन्याच्या निम्म्याहून कमी, आणि माणूस उपाशी नाही. आकडे थोडे इकडेतिकडे होतील. तुमची पोळी आमच्यापेक्षा मोठी असेल. पण अंदाज येतो.

शास्त्रीय भाषेत दिवसाला १३० ग्रॅमच्या खाली आलात तर त्याला लो-कार्ब म्हणतात आणि ५० च्या खाली कीटो. म्हणजे आमचं हे खरं तर 'लो' सुद्धा नाही, 'मध्यम' आहे. तरीही सहा महिन्यांत ८.४ ची ६.९ झाली, वजन ७८ चं ७१ झालं. आज ७.१ आहे, एक गोळी कमी झालेली आहे. मधुमेह गेला असं मी म्हणणार नाही. आटोक्यात आला.

अभ्यास काय सांगतात? २०२१ साली 'बीएमजे'मध्ये २३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला. कमी कर्बोदकांच्या आहारानं पहिल्या सहा महिन्यांत साखर आणि वजन चांगलं उतरतं, पण वर्षभरानं इतर आहारांपेक्षा असलेला फरक बराच कमी होतो. कारण तुम्हालाही माहीत आहे. पहिले सहा महिने उत्साह असतो, मग लग्नसराई येते! दुसरा अभ्यास इंग्लंड-स्कॉटलंडमधला, २०१७ चा, प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांचा. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली माणसं त्यात होती. डॉक्टरांच्या देखरेखीखाली कडक कमी कॅलरीचा आहार दिल्यावर वर्षअखेर त्यांतली ४६ टक्के माणसं औषधाशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. म्हणजे खरी जादू पोळीच्या वैरात नाही, पोटातली आणि यकृतातली चरबी उतरण्यात आहे. कर्बोदकं कमी करणं हा तिथे पोचायचा एक चांगला रस्ता. आणि जितकं लवकर सुरू कराल तितकं बरं.

आता मैत्रिणींसाठी, म्हणजे स्वयंपाकघरासाठी. पुरुषांनीही ऐका, धिरडं तुम्हालाही घालता येतं!

पहिलं, ताट उलटं वाढा. आपण आधी पोळ्या वाढतो आणि कडेला चमचाभर भाजी. अर्ध्या ताटात भाजी-कोशिंबीर, पाव ताटात उसळ, डाळ, अंडं, मासे किंवा पनीर, आणि उरलेल्या पावात पोळी किंवा भात. दोन्ही नाही, दोन्हींतलं एक. खातानाही आधी कोशिंबीर-उसळ आणि शेवटी पोळी-भात खाल्लात, तर जेवणानंतर साखर कमी उसळते.

दुसरं, वरण घट्ट करा. आपल्या वरणात डाळ शोधावी लागते. पिठलं, झुणका, मुगागाठी, वालाचं बिरडं, बांगड्याचं कालवण ही काही परदेशी थेरं नाहीत. आपल्याच आज्यांचे पदार्थ आहेत.

तिसरं, गूळ आणि मध. गूळ म्हणजे बहुतेक साखरच. रंग वेगळा म्हणून स्वादुपिंड फसत नाही.

चौथं, उपास. एकादशी आणि दुप्पट खाशी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, वर बटाटा आणि रताळं. उपास करायचाच तर दाणे, दही, काकडी, राजगिऱ्याची छोटी भाकरी. आणि गोळ्या घेणाऱ्यांनी उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारायचं, हे आता सांगायला नकोच.

पाचवं, पोळी गेली म्हणून तुपाचा पूर आणू नका. पोळीच्या जागी लोणी-चीज रोज खाणाऱ्या काहींचं वाईट कोलेस्टेरॉल चांगलंच वाढतं. दाणे, तीळ, जवस, मासे यांतलं तेल चालेल. आणि तीन महिन्यांनी लिपिड तपासा.

सहावं, जेवण झाल्यावर सोफ्यावर नाही, खाली उतरा. आपल्या इमारतीभोवती पंधरा मिनिटं फिरा. चालणारा स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतो, आणि त्यासाठी त्याला जास्तीचं इन्शुलिनही लागत नाही. हे औषध फुकट आहे, मेंटेनन्समध्ये धरलेलं आहे!

आणि बायकांनो, एक मनातलं सांगते. घरातल्या सगळ्यांसाठी उसळ, आणि आपल्यासाठी उरलेला भात नि तव्यावरची शेवटची पोळी, हे बंद करा. माझ्या दवाखान्यात नवऱ्याची साखर घेऊन येणाऱ्या बायका पुष्कळ आहेत, स्वतःची तपासलेल्या फार थोड्या.

शेवटी सोसायटीकडे तीन मागण्या. पहिली, वार्षिक सभेला सामोसा-वेफर-पेढ्याच्या बॉक्सऐवजी एक वर्ष उकडलेले चणे आणि ताक ठेवून बघा. सभासद नाराज झाले तर माझं नाव सांगा. दुसरी, वॉचमनच्या केबिनमध्ये साखरेची एक बरणी, पाण्याची बाटली आणि एक कागद चिकटवा. त्यावर लिहायचं: मधुमेही माणूस घामाघूम झाला, थरथरला, असंबद्ध बोलू लागला, तर शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी बरं नसेल तर पुन्हा द्या. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. तिसरी, जे एकटे राहतात आणि इन्शुलिनवर आहेत, त्यांनी समोरच्या दाराला तसं सांगून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या घरी त्या रात्री समोरचं दार उघडलं म्हणून मी आज हसत हसत बोलते आहे.

प्रश्नोत्तरे

भाषणानंतर झालेल्या प्रश्नोत्तरांपैकी काही:

प्रश्न: भात पूर्ण सोडायचा का? आम्ही कोकणातले, भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.
उत्तर: सोडू नका. एका वेळेला अर्धी वाटी, आणि त्या वेळेला पोळी-भाकरी नाही. भातावर आमटी जास्त आणि मासा मोठा घ्या.

प्रश्न: दोन वेळाच जेवायचं, ते दीक्षितांचं, ते आणि हे एकच का?
उत्तर: नाही. डॉ. दीक्षितांचा भर दिवसातून दोनदाच आणि ५५ मिनिटांच्या आत जेवण्यावर आहे, म्हणजे कितीदा खायचं यावर. मी बोलतेय ते काय आणि किती खायचं यावर. मधुमेहाच्या गोळ्या असतील तर काळजी दोन्हीकडे तीच, आधी डॉक्टर.

प्रश्न: गणपतीत मोदक?
उत्तर: एक खा, मनापासून खा, आणि त्या जेवणातला भात सोडा. एकवीस बाप्पाला. त्यांचा रिपोर्ट माझ्याकडे येत नाही!

प्रश्न: कारल्याचा रस, मेथी घेतली तर गोळी बंद करता येईल?
उत्तर: कारल्याची भाजी जरूर खा, मेथीही खा. गोळी मात्र तपासणीचा आकडा बघून डॉक्टरांनी बंद करायची. मी डॉक्टर असून माझ्याच घरी हा हिशेब चुकला, तुम्ही तो घरच्या घरी करू नका.

 बाहेर मंडळानं चहा ठेवला आहे. आज बिनसाखरेचा सांगितला आहे, साखर वेगळी ठेवलीय. कोण घेतंय ते मी बघणार नाही, पण आमचे हे बघणार आहेत.